तपासून सोडलेलं पत्र

मंजुनाथ, तो मोबाइल खाली ठेव बाबा. ऐकायचं तर ऐक, न्हाईतर घरी जाऊन तुझी रीलं बघत बस. मला काय फरक पडत न्हाई. तीस वर्षं कंडक्टरकी केलीय मी, रिकाम्या गाडीतसुद्धा बोलायची सवय हाय मला.

तर धनराज. मुडबीच्या अलीकडं जी वाडी लागते ना, तिथला. आपल्या तालुक्याच्या कल्याणला बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान हाय, शेताच्या पहाणीचा उतारा काढायला, फारम भरायला तुम्ही सगळे जाता तेच. पोरगं शिकलेलं, सरळ. बिडी न्हाई, बाटली न्हाई. त्यानं मला हे त्याच्या ओसरीवर बसून सांगितलं, आणि सांगताना दोनदा उठून आत जाऊन आला. मी पदरचं काही घालणार न्हाई.

दोन हजार बावीस साल. डिसेंबरची तेवीस तारीख, शुक्रवार. येळवस होती त्या दिवशी, शेतात जेवायची अवस. धनराजचं काम साधं होतं. संध्याकाळी हुमनाबादला जायचं, हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर एक बाई भेटणार, तिच्याकडून एक लिफाफा घ्यायचा आणि घरी यायचं. बस, एवढंच.

लिफाफा होता त्याच्या आज्जीसाठी. सख्खी न्हाई, आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. सत्यभामाबाई. तुम्ही पोरांनी तिला म्हातारीच बघितली, मी तिला नवरी असताना बघितलंय. तिचा नवरा राघोबा पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या सरहद्दीवर, कुठल्याशा नदीकाठच्या तळावर. लढाई संपली. बाकीच्या गावांतली पोरं रजा घेऊन घरी आली, आणि राघोबाच्या घरी आले पोलीस. हातात कागद. शिपाई राघोबा तळ सोडून फरार. त्यांनी घरातली कणगी उपसली, कडब्याची गंजी काठ्यांनी टोचून बघितली. सासऱ्यानं अंथरूण धरलं ते त्याच उन्हाळ्यात गेला.

आता त्या पोरीनं काय करायचं, सांगा. मेला म्हणावं तर तसा कागद न्हाई, जिवंत म्हणावं तर माणूस न्हाई. कुंकू लावायचं की पुसायचं? तिनं लावलं. एक्कावन्न वर्षं लावलं. पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवलं न्हाई. येळवशीला आख्खं गाव एकमेकाच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीवर जेवतं, रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालासुद्धा आपण हात धरून शेतात बसवतो. तिच्या कोपीवर कुणी गेलं न्हाई. सगळ्या भाज्या घालून केलेल्या भज्जीचं पातेलं भरलेलं तसंच घरी यायचं. पळपुट्याची बायको म्हणायचे सगळे. मीबी म्हणलंय. खोटं कशाला सांगू तुम्हाला.

त्या बावीसच्या डिसेंबरात म्हातारीनं अन्न सोडलं होतं. अकरा दिवस झाले होते, नुसतं चमच्यानं पाणी. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या. आणि नेमका त्याच आठवड्यात धनराजच्या दुकानात हैदराबादहून फोन आला. सुधारानी नावाची बाई. वाडीच्या पोस्टमनकडून नंबर शोधून काढला होता तिनं. तिचे वडील फौजेत मोठे अधिकारी होऊन रिटायर झालेले, एकाहत्तरला कॅप्टन होते. चाळीस दिवसांमागं वारले. ट्रंक उघडली तर पत्रं निघाली. लढाईच्या दिवसांत त्यांनी शेजारच्या तळावरच्या एका मेजरला लिहिलेली, आणि त्या मेजरची उत्तरं. मेजर वारल्यावर त्याच्या घरच्यांनी कॅप्टनची पत्रं परत पाठवली होती, म्हणून सगळी एकाच जागी होती. त्यांतल्या एका पत्रात राघोबाचं नाव होतं, गावाचं नाव होतं. बाई म्हणाली, फोनवर नको, सोलापूरला नणंदेकडं चाललेय, वाटेत हातात देते.

आज्जीला हे कळलं तेव्हा ती उठून बसली म्हणे. अकरा दिवसांत पहिल्यांदा. धनराजला म्हणाली, "घिऊन ये. आन चार माणसं बोलवून मोठ्यानं वाच. चार माणसांतच ऐकून घेतलंय मी आजवर."

तर गेला धनराज. सात वाजता ढाब्यावर पोचला. बाई गाडीतच बसून होती, साठीच्या पुढची. गाडीतला दिवा लावून तिनं ते पत्र त्याला दाखवलं. इंग्रजीत होतं, चार पानं, बारीक अक्षर. धनराजला इंग्रजी येतं. त्यानं वाचलं.

सोळा डिसेंबरच्या रात्री लिहिलेलं. कॅप्टन मेजरला सांगत होता की चौदा तारखेला पुढच्या चौकीला निरोप पोचवायचा होता. वायरलेस बंद पडला होता. धुकं होतं. वरून ओरडा चालला होता. वाटेवर सुरुंग हायत असं ऐकलं होतं, पण काढले असतील असं वाटलं. दुसरं कुणी हाताशी नव्हतं. मग शिपाई राघोबाला धाडलं. तो काही परत आला न्हाई. मध्यरात्री एक आवाज मात्र आला. आता विचारणा झाली की हुकूम नसताना माणूस तिकडं कुणी धाडला, तर आपली नोकरी गेली. म्हणून हजेरीत गैरहजर लिहिलंय. तू काय म्हणतोस? आणि मेजरचं उत्तर, तेबी बाईनं दाखवलं, एका ओळीचं. लढाई संपली, जाऊ दे आता.

बाई रडत होती. म्हणाली, "मेरे पापा बुरे आदमी नहीं थे. पर लिखा तो यही है. आप ले जाओ." तिनं ते कॅप्टनचं पत्र लिफाफ्यात घातलं, चिकटवलं, आणि धनराजच्या हातात दिलं.

धनराजनं तिथूनच घरी फोन लावला. रेणुकानं, त्याच्या बायकोनं, उचलला.

"मिळालं का वं?"

"मिळालं."

"काय लिवलंय? आज्जी सारख्या इचारायल्यात."

आता इथं बघा. एका वाक्याचं काम होतं. पळाला न्हाई म्हण तिला. संपलं. पण धनराज आपल्याकडचाच ना. त्याच्या मनात आलं, पळाला न्हाई म्हटलं की पुढचं बी सांगावं लागणार, की तो एक्कावन्न वर्षांमागंच गेला. म्हणजे आज येळवशीच्या दिवशी, फोनवर, दुसऱ्याच्या तोंडून, बाईचं कुंकू पुसायचं. सणाच्या दिवशी मरणाची बातमी फोनवर सांगत्यात का? बाहेरच्या माणसाला हे कळायचं न्हाई, आपल्याला कळतं. मीसुद्धा तेच केलं असतं.

"आलोच," तो म्हणाला. "तासाभरात पोचतो. येऊनच वाचतो, म्हणावं."

आठ वाजता निघाला. हमरस्त्याला ट्रकांची रांग, ती सोडली आणि आतल्या वाटेला लागला. अमावास्येचा अंधार, थंडी अशी की हँडलवर बोटं वळेनात. दोन्ही बाजूला हरभरा, करडई, ज्वारी. संध्याकाळी लोकांनी पेटत्या पेंढ्या घेऊन शिवाराला फेऱ्या मारलेल्या, त्याचा धूर अजून जमिनीलगत होता. कोपी रिकाम्या. माणसं सगळी गावात परतलेली. आठ पन्नासला त्यानं मोबाइलमध्ये वेळ बघितली. त्याला चांगलं आठवतं, कारण त्यानं मनात हिशेब केला की सव्वानऊला घरात असू.

पुढं ओढ्यावरची मोरी लागते. बाभळीची. तिथं त्याला कंदील दिसला.

मोरीच्या कठड्यावर कंदील ठेवलेला. शेजारी एक माणूस बसलेला, मांडीवर फळी. अंगात जाडा कोट. त्यानं मान वर न करता हात आडवा केला.

धनराज थांबला. आपण सगळे थांबतो. सरहद्दीवरची माणसं आपण, जन्म तपासणीत गेला. निवडणूक आली की नाका, ऊस अडवायचा की नाका, करोनात तर दर दोन कोसाला एक फळी आणि एक खुर्ची. कंदील आणि फळी दिसली की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो. धनराजनं गाडी बंद केली, लायसन काढायला खिशात हात घातला.

"लायसन नहीं," तो माणूस म्हणाला. "लिफाफा."

आवाज शांत होता. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाचा.

धनराज म्हणाला, "साहेब, घर का खत है. आज्जी बीमार है मेरी."

"मालूम है."

धनराजला वाटलं, पोलिसातला असंल, कुणी काही कळवलं असंल. तुम्हाला सांगतो, माणूस घाबरला की आधी कारणं शोधतो. त्यानं लिफाफा आत, शर्टाच्या खिशात ठेवला होता. वरून स्वेटर, वरून जर्किन. बाहेरून काही दिसत नव्हतं.

"कैंप से जानेवाला हर खत मैं देखता हूं," तो माणूस म्हणाला. "देखे बगैर कुछ नहीं जाता. जवान का हो, चाहे मेरा हो. लाओ."

आणि धनराजनं दिला.

कामून दिला, हे त्याला आजपर्यंत सांगता येत न्हाई. म्हणतो, हात माझा होता, पण मी दिला न्हाई.

त्या माणसानं लिफाफा उघडला. फाडला न्हाई. नुसता उघडला. चार पानं फळीवर सरळ केली. कोटाच्या आतून पेन्सिल काढली. निळी. आणि वाचायला लागला. वाचायचा, थांबायचा, आणि एक ओळ खोडायचा. हळू. पट्टी लावल्यासारखी सरळ.

खर्र.

पुन्हा वाचायचा.

खर्र.

धनराजनं गाडीवरून पाय खाली टाकायचा प्रयत्न केला. पाय हलेना. ओरडायचं होतं, तेही जमेना. कंदिलाची वात जळत होती, पण कंदिलाभोवती एक किडा नव्हता. आणि तेव्हा त्यानं बघितलं... त्या माणसाच्या तोंडातून वाफ येत नव्हती. थंडी एवढी. धनराजच्या तोंडासमोर धूर. त्याच्या तोंडासमोर काही न्हाई.

खर्र.

खिशातला मोबाइल वाजला.

जर्किनच्या खिशात. उजेड पडला कापडातून. रेणुकाचाच असणार, दुसरं कोण या वेळेला. हात तिकडं जाईना. वाजला... वाजला... बंद झाला.

त्या माणसानं वर बघितलं न्हाई. दुसरं पान घेतलं.

पुन्हा वाजला. धनराज म्हणतो, मी रडत होतो. दोन बोटांवर फोन, आणि बोट हलेना. मनात म्हणत होतो, उचलतो गं, थांब, उचलतो. बंद झाला.

तिसरं पान.

खर्र... खर्र...

तिसऱ्यांदा वाजला. लई वेळ वाजला.

मग सगळं गप्प झालं. पेन्सिलसुद्धा थांबली. त्या माणसाच्या हातात चौथं पान होतं. ते त्यानं बराच वेळ धरून ठेवलं. मग खाली, कोऱ्या जागेत, काहीतरी लिहायला लागला. एकेक अक्षर दाबून, मोठं.

"पढना आता है उसको?" त्यानं विचारलं.

धनराजच्या तोंडातून कसाबसा शब्द निघाला. "न्हाई साहेब."

"तो किसी से पढवाना. जोर से."

पानं घडी झाली. लिफाफ्यात गेली. हात पुढं आला. धनराजनं तो हात बघितला न्हाई, डोळे मिटून लिफाफा घेतला. कागद गार होता, माठाच्या बुडाला हात लावावा तसा. डोळे उघडले तेव्हा कंदील नव्हता. कठडा होता. बाभळ होती.

त्याच्या हिशेबानं पाच मिनिटं झाली होती. फार तर सहा. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. वाडीत शिरला तेव्हा घराबाहेर चपला दिसल्या. लई चपला.

रेणुका दारातच उभी होती. ओरडली न्हाई. म्हणाली, "फोन कामून उचलला न्हाईत?"

"आत्ताच केला होतास ना?"

"तीनदा केला. आज्जीचा श्वास लागला व्हता. म्हणल्या, पत्र राहू दे, एवढंच इचार त्याला, पळाला व्हता का. व्हय का न्हाई. एवढंच."

धनराजनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सव्वादहा.

आज्जी आत होती. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. कपाळावर कुंकू तसंच, मोठं. डोळे कुणीतरी मिटवले होते.

त्यानं मोबाइल काढला. तीन मिस कॉल. नऊ एकतीस, नऊ चव्वेचाळीस, नऊ छप्पन्न.

एका शब्दासाठी तीन फोन, पोरांनो. त्या बाईनं आयुष्यभर कुणाला काही मागितलं न्हाई, आणि शेवटी मागितला एक शब्द. तोसुद्धा त्या साहेबानं तपासणीला अडवून ठेवला. एक्कावन्न वर्षं अडवला होता तेवढ्यानं त्याचं भागलं न्हाई. आणि धनराजला मी काही म्हणत न्हाई, पण तो स्वतःला म्हणतो. आजही त्याच्या दुकानात जा, फोन वाजला की दुसरी रिंग होऊ देत न्हाई. हातात गिऱ्हाइकाचे कागद असले तरी टाकून उचलतो.

शेजारची चन्नम्मा तिथंच बसली होती. सत्यभामाबाईच्याच वयाची. भिंतीला भिंत लागून घर, आणि पन्नास वर्षांत हिला कुंकवाला हाक मारली न्हाई तिनं. ती म्हणाली, "धनराज, पत्र आणलास ना? मग वाच की. चार माणसं हायत. तिनं सांगितलं तसं वाच."

मग त्यानं लिफाफा उघडला. आज्जीच्या उशाशी बसून. गावातली बारा-पंधरा माणसं, पत्र ऐकायला बोलवलेला मीबी होतो. माझ्या या डोळ्यांनी बघितलं ते आता सांगतो.

चारी पानांवर निळ्या रेघा. ओळीवर ओळ खोडलेली. धुकं खोडलेलं, वायरलेस खोडलेला, वरचा ओरडा खोडलेला, दुसरं कुणी हाताशी नव्हतं ते खोडलेलं. सबबी जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या. त्या ओळींत काय होतं ते ढाब्यावर वाचलेलं धनराजच्या ध्यानात होतं म्हणून कळलं, न्हाईतर कुणाच्या बापाला कळलं नसतं. वाचण्याजोगं एक अक्षर राहिलं नव्हतं. आणि शेवटच्या पानाखाली, कोऱ्या जागेत, त्याच निळ्या पेन्सिलीनं एक ओळ. इंग्रजीत न्हाई. हिंदीत, मोठ्या अक्षरात, नुसत्या चौथी शिकलेल्यालाही लागंल अशी.

राघोबा भागा नहीं था. मैंने भेजा था. वो मर गया.

धनराजच्यानं वाचवेना. मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, बाहेरच्या अंगणात ऐकू जाईल असं. चन्नम्मा उठली, पदर डोळ्याला लावला, आणि सत्यभामाबाईच्या पायावर डोकं ठेवून किती तरी वेळ तशीच राहिली. कुणी तिला उठवलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर धनराजनं सुधारानीला फोन केला. आधी तिला वाटलं, आमच्यापैकीच कुणी पत्र खराब केलं. रागावली. मग म्हणाली, देण्याआधी दुपारी मी चारी पानांचे फोटो काढून ठेवलेत, थांबा. पाठवले. स्वच्छ पानं होती. एक रेघ न्हाई. शेवटच्या पानाखालची जागा कोरी. धनराजनं मग आपल्या पानांचे फोटो काढून तिला पाठवले. तासाभरानं एवढंच आलं, अक्षर माझ्या वडलांचं हाय.

पत्र धनराजच्या कपाटात हाय, बघायचं तर बघून या. त्या ओळीच्या खाली कॅप्टनची आखूड सही हाय, फौजेत तपासून सोडलेल्या पत्रावर करत्यात तशी. सहीखाली तारीख हाय, तेवीस डिसेंबर दोन हजार बावीस, आणि वेळ घातलीय, रात्रीचे दहा. आज्जी गेली तेव्हा रेणुकानं घड्याळ बघितलं होतं. दहाला दोन मिनिटं कमी होती.